आबा खानावळीच्या खाली

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "चौधरी, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. फक्त ते कॉम्प्युटरचं फार नको, लोक पान उलटतात." म्हणजे हलवायाला म्हणायचं, धंद्याबद्दल लिही, पण मिठाईचं नाव काढू नकोस. माझा सगळा धंदा कॉम्प्युटरचा, त्यातही अशा भागाचा की जो नीट चालतो तेव्हा कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त बिघडल्यावर. त्यामुळे गमतीदार अनुभव म्हणजे बिघाडच आले. त्यातला एक बिघाड मी स्वतः, ठरवून, शुद्धीवर असताना केला. तोच लिहितो. पान उलटायचं असेल त्यांनी आत्ताच उलटावं.

जळगावच्या एका शिक्षणसंस्थेत मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. शेवटच्या दिवसापर्यंत माझं कागदोपत्री पद होतं, प्रयोगशाळा सहायक, पदार्थविज्ञान. रुजू झालो तेव्हा लोलक आणि भिंगं मोजून कपाटात ठेवायचो. मग संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला. त्याचं खोकं फोडताना मी जवळ उभा होतो, तेवढ्या पात्रतेवर तो माझ्या गळ्यात पडला. पुढे त्याच्या जागी सर्व्हर आला, जळगावसोबत धुळ्याची आणि चाळीसगावची कॉलेजं त्याला जोडली गेली, आणि मी 'सर्व्हरवाले चौधरी' झालो. पगारपत्रकात मात्र लोलकच मोजत राहिलो.

सर्व्हर म्हणजे काय, हे मला संस्थेत दरवर्षी नव्या संचालकांना समजावून सांगावं लागे. मी एस.टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीचं उदाहरण द्यायचो. खिडकीतला माणूस स्वतः गाडी चालवत नाही, तिकीट फाडत नाही. तुम्ही विचारता, "चोपडा?" तो म्हणतो, "फलाट चार." संपलं त्याचं काम. आमच्या संस्थेचा इंटरनेटवर पत्ता एकच, पण आत निरनिराळी कामं करणारे प्रोग्राम पाच. प्रवेश, निकाल, ग्रंथालय, वसतिगृह आणि वसतिगृहाची खानावळ. पाचही पाच जणांनी पाच वेळेला लिहिलेले, एकमेकांशी बोलणंचालणं नसलेले, आमच्या प्राध्यापकांसारखे. संस्थेच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'प्रवेश' लिहिलं की प्रवेशाच्या प्रोग्रामकडे जायचं, 'निकाल' लिहिलं की निकालाकडे. कोणी कुठं जायचं याची यादी एका फाइलमध्ये असते. ती यादी लिहिणं ही माझी कला.

या कलेत पथ्य एकच. खिडकीतला हा माणूस यादी वरून खाली वाचतो. जी ओळ पहिल्यांदा जुळली तिकडे तो माणसाला पाठवतो आणि पुढे वाचायचं सोडून देतो. म्हणून नेमका, लांबलचक पत्ता वर लिहायचा आणि ढोबळ पत्ता खाली. 'वसतिगृह-तिरकी रेघ-खानावळ' ही ओळ सगळ्यांत वर, कारण 'वसतिगृह' तिच्या वर ठेवलं तर खानावळीकडे निघालेला प्रत्येक जण वसतिगृहातच अडकेल आणि उपाशी राहील. आणि सगळ्यांत खाली नुसती तिरकी रेघ. ती म्हणजे संस्थेचं मुखपृष्ठ. प्रत्येक पत्ता तिरक्या रेघेनंच सुरू होतो, त्यामुळे ही ओळ सगळ्यांनाच जुळते. कुठेच न जुळलेल्याला शेवटी पदरात घेणारी. ती तळाशीच शोभते.

मुखपृष्ठावर आमचे अध्यक्ष, आबा. फेटा बांधलेला, पडदाभर फोटो आणि खाली अध्यक्षीय मनोगत. चुकीचा पत्ता टाकला तर जगभर 'पान सापडलं नाही' असं दिसतं. आमच्याकडे तसं दिसायचं नाही. संस्थेत काही सापडत नाही हे जगाला का सांगायचं, असा कार्यालयाचा मुद्दा होता. म्हणून मुखपृष्ठाकडे कोणताही अनोळखी पत्ता गेला तरी उत्तर एकच, आबा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिरक्या रेघेनं मला आयुष्यभर छळलं. चाळीसगावच्या प्राचार्यांची तक्रार होती की पत्त्यात जळगावच्या संस्थेचं नाव आधी, मग रेघ, मग चाळीसगाव, म्हणजे आम्ही काय जळगावच्या पायाशी बसलोय? मी सांगितलं, सर, पत्ता असाच असतो. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग आमच्या आधी दोन रेघा द्या. थोडं अंतर राहील." दसऱ्याला सर्व्हरची पूजा व्हायची आणि हळदकुंकू नेमकं पंख्याच्या जाळीवर वाहिलं जायचं. ते मी जानेवारीपर्यंत ब्रशनं काढत बसायचो. पण ही सगळी किरकोळ माणसं. माझ्या धंद्यावर खरी नजर होती ती नानांची.

नाना म्हणजे आमचे कार्यालय अधीक्षक, गाव असोदा. फायली, रजा, बढत्या हे त्यांचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र निमंत्रणपत्रिकेत. संस्थेचा कोणताही कार्यक्रम असो, पत्रिकेतला नावांचा क्रम नाना लावायचे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, मग देणगीदार, मग आजी आमदार, मग माजी आमदार पण पुन्हा निवडून येण्याची शक्यता असलेले, मग शक्यता नसलेले. एका ओळीत दोन नावं घ्यायची वेळ आली तर डावीकडे कोण, यावर दोन दिवस जायचे. फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती इंच, हे त्यांना तोंडपाठ. तीस वर्षांत त्यांच्या पत्रिकेवरून एकदाही कुणी रुसलं नव्हतं. खानदेशात हा पराक्रम लहान नाही, हे इथल्या लग्नांत वावरलेल्या कुणालाही कळेल.

त्या वर्षी तपासणी समिती येणार होती आणि त्यांना म्हणे 'सर्व्हरची यादी' सही-शिक्क्यानिशी फाइलला हवी होती. मी सकाळी फाइलची छापील प्रत काढून नानांच्या टेबलावर ठेवली. दहा मिनिटांनी शिपाई धावत आला. नाना उभे होते. नाना उभे राहिले की काहीतरी फार गंभीर असायचं.

"हे काय भो, दिलीप?" त्यांचं बोट कागदाच्या तळाशी होतं. "आबा खानावळीच्या खाली?"

मी सांगितलं, नाना, ती पत्रिका नाही. मशीन वरून वाचतं. जे सगळ्यांना जुळतं ते खाली ठेवावं लागतं.

"मशीन वरून वाचतं ना? माणूसही वरूनच वाचतो. समितीचा माणूस काय वाचीन? पहिलं नाव खानावळ! मग वसतिगृह! ग्रंथालय! अन् ज्यानं हे बठ्ठं उभं केलं तो तळाले!"

मी चौकशीची खिडकी सांगितली. फलाट सांगितले. नाना ऐकून घेत नव्हते असं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग मशीनले शिकव ना मानपान. अध्यक्ष वर. मग प्रवेश, निकाल. खानावळ शेवटी. आज दुपारच्या आत."

आता हे वाचताना कुणालाही सुचेल ते मलाही सुचलं होतं. कागदावर त्यांच्या मनासारखा क्रम छापायचा, सही घ्यायची, आणि मशीनमधल्या खऱ्या यादीला हात लावायचा नाही. वर्षानुवर्षं मी हेच करत आलो होतो. दाखवायची यादी वेगळी, चालायची वेगळी. त्या दिवशीही तेच केलं असतं, पण मी दारातून वळलो तेव्हा नाना मागून म्हणाले, "अन् एवढा वाद घालू नको भो. तू प्रयोगशाळा सहायक आहेस. सांगितलं तेवढं करायचं."

तसं त्यात खोटं काही नव्हतं. पण आठच महिन्यांपूर्वी नव्या सर्व्हरचं उद्घाटन झालं होतं. नानांच्या पत्रिकेत नारळ फोडणाऱ्याचं नाव होतं, मांडववाल्याचे आभार होते, सर्व्हर बसवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. ते मी गिळलं होतं असं मला वाटत होतं. गिळलं नव्हतं, गालात धरून ठेवलं होतं.

मी खोलीत गेलो आणि खरीच यादी बदलली. तिरक्या रेघेची ओळ उचलली आणि सगळ्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवली. सर्व्हर पुन्हा सुरू केला, अकरा वाजत आले होते. मग प्रवेशाचा पत्ता टाकून पाहिला, आबा. निकाल टाकला, आबा. खानावळ, आबा, फेट्यासकट. मी खुर्चीत मागे रेलून बसलो. तेव्हा मला जो आनंद झाला होता तो इथे लपवत नाही. पाच मिनिटांत बोंब उठणार, नाना धावत येणार, आणि मी म्हणणार, सांगितलं तेवढं केलं.

धुळ्याच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात यादीत नाव लागलेल्यांना जागा निश्चित करायचा तो शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचपर्यंत. हे मला माहीत होतं का? होतं. माहीत होतं म्हणूनच तर वाटलं, बोंब लवकर उठेल.

बोंब उठली नाही.

साडेअकरा झाले, बारा झाले. मी फोन टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला होता, नानांचं नाव दिसावं म्हणून. सव्वाबाराला वाजला. खुद्द आबा.

"दिलीप, अरे हे काय केलं तुम्ही? कुठंही बोट लावलं की आम्हीच! नातीनं ग्रंथालय दाबलं, आम्ही. निकाल दाबला, आम्ही! वा! कोणाची कल्पना?"

मी म्हणालो, "नानांची."

"नाना हुशार माणूस आहे," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी चौकशी केली तेव्हा कळलं की बिघाड सगळ्यांना दिसत होता आणि कुणालाच तो बिघाड वाटत नव्हता. धुळ्याच्या प्राचार्यांनी ग्रुपवर 'संकल्पना आवडली' असं टाकलं होतं आणि खाली अठरा जणांनी हात जोडले होते. वसतिगृहाच्या रेक्टरना वाटलं आबांचा वाढदिवस असावा, त्यांनी खानावळीत गोड करायला सांगितलं. चाळीसगावच्या प्राचार्यांनी तेवढं विचारलं की आमच्या पानावर फोटो थोडा लहान दिसतोय का. अध्यक्षांचा फोटो नको त्या जागी आलाय, हे म्हणायची हिंमत तीन गावांतल्या साडेतीनशे माणसांत एकाचीही नव्हती. मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात भित्रे म्हणत होतो आणि स्वतः खुर्चीतून हलत नव्हतो. मला तक्रार हवी होती, तीही नानांचीच. ती आल्याशिवाय ओळ खाली आणायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्या दुपारी माझ्या फोनवर एक अनोळखी नंबर सारखा येत होता. मी कापत होतो. कुणीतरी कर्ज घ्या म्हणत असेल, आणि तेवढ्यात नानांचा फोन यायचा. सात वेळा कापला.

पाच वाजून चार मिनिटांनी, आता नाना काही येत नाहीत असं कळून चुकल्यावर, मी तो उचलला.

"चौधरी साहेब? धुळ्याहून सलीम बोलतोय, नंबर नवा आहे. स्टँडसमोर फॉर्म भरायचं दुकान आहे माझं, आठवतं का?" आठवत होतं. तालुक्याच्या गावांहून आलेल्या पोरांचे फॉर्म हा माणूस भरून द्यायचा आणि अडलं तर मला फोन करायचा. "साहेब, एक पोरगी सकाळी अकरापासून बसलीय. जिथं दाबावं तिथं तुमचे आबा निघतात. आता तर मशीन बंद केलं तरी मला आबाच दिसताहेत."

"कोणता फॉर्म?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"नर्सिंग. जागा पक्की करायची होती. कॉलेजात जाऊन आली दोन वेळा. तिथला क्लार्क बोलला, सगळं ऑनलाइन आहे, इथं येऊ नको. साइट चालू आहे, आबा दिसताहेत ना? थांब संध्याकाळपर्यंत."

मी फोन कानाला धरूनच ओळ खाली आणली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. चाळीस सेकंद लागले असतील. "आता बघा," म्हणालो. पलीकडे बटणांचा आवाज आला, मग एका मुलीचा आवाज, "उघडलं, उघडलं चाचा!"

सलीमभाई म्हणाले, "आत लिहिलंय, मुदत संपली आहे."

बाकीच्यांनी आधीच जागा पक्क्या केल्या होत्या, राहिली होती ती एकटीच. मुलीचं नाव सविता. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, बाप पावसावरची शेती करणारा. जातीचं प्रमाणपत्र आदल्या दिवशी हातात पडलं, म्हणून ती शेवटच्या दिवशी, पहाटेच्या गाडीनं धुळ्याला आली होती. हे सगळं मला तिच्या अर्जातून कळलं. सलीमभाईंनी टाइप करून दिलेला तो अर्ज तिसऱ्या दिवशी संस्थेत आला. 'मी मुदतीच्या आत प्रयत्न करत होते, साइट उघडली नाही, कृपया माझी जागा द्यावी.' नानांनी त्यावर शेरा मारून माझ्याकडे पाठवला, 'त्या दिवशी सर्व्हर चालू होता किंवा कसे, अहवाल द्यावा.'

मी अहवाल दिला. एकच वाक्य. 'त्या दिवशी सर्व्हर पूर्णवेळ चालू होता.'

माझ्या धंद्यात खोटं बोलावं लागत नाही, हा त्यातला सगळ्यांत वाईट भाग आहे. सर्व्हर खरंच चालू होता. तो प्रत्येक येणाऱ्याची नोंद ठेवतो, किती वाजता आला, कुठून आला, काय मागितलं, आणि शेवटी एक आकडा, मागितलेलं दिलं की नाही. दोनशे म्हणजे दिलं, सगळं ठीक. मी त्या दिवसाच्या नोंदी उघडून पाहिल्या. सलीमभाईंच्या दुकानातून 'प्रवेश' ही मागणी पहिल्यांदा अकरा वाजून सात मिनिटांनी, शेवटची चार एकोणसाठला. एकूण एकसष्ट वेळा. आणि एकसष्ट वेळा पुढे दोनशे, दोनशे, दोनशे. दर वेळी तिनं दार विचारलं, दर वेळी आम्ही तिला आबांचा फोटो दिला, आणि दर वेळी मशीननं लिहून ठेवलं की सगळं ठीक आहे.

या नोंदी आमच्याकडे चौदा दिवस राहायच्या, मग आपोआप पुसल्या जायच्या. जागा वाचवण्यासाठी ती सोय मीच केली होती. खरं सांगतो, मी दिवस मोजत होतो. अहवाल दिला होता, चौदा दिवस गेले की कुणालाच काही सिद्ध करता येणार नव्हतं, मलाही नाही.

बाराव्या दिवशी सलीमभाई जळगावला आले. दुकानाचा माल घ्यायला आलो होतो म्हणाले, पण हातात माल नव्हता, दुकानातलं रजिस्टर होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वेळ आणि सही घ्यायची त्यांची पद्धत. त्यांनी पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. सविता, मशीन नंबर दोन, येण्याची वेळ अकरा, जाण्याची वेळ सव्वापाच. मी पाणी दिलं. ते पाणी प्याले आणि अगदी सहज म्हणाले, "साहेब, माझ्यासारख्या छोट्या माणसाला वही ठेवावी लागते. तुमचं एवढं मोठं मशीन, ते बी ठेवत असेल ना?"

"ठेवतं," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ते म्हणाले, रजिस्टर काखेत मारलं आणि गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन शिव्या परत देऊन मोकळा झालो असतो.

तेराव्या दिवशी मी एकसष्ट ओळी छापल्या आणि नानांपुढे ठेवल्या. नानांना आकडे कळत नव्हते, पण वेळा कळत होत्या. ते सावकाश शेवटपर्यंत वाचत गेले.

"वर कुणी नेली ओळ?"

"मी."

"मी सांगतलं म्हणून?"

"तुम्ही सांगितलं म्हणून नाही. तुम्ही सांगितलं ते चूक आहे हे दाखवायला. मला माहीत होतं काय होईल ते."

नानांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ते म्हणतील, लेखी कुठं आहे माझं? तसं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मले कळत नव्हतं भो. तुले तर कळत होतं."

आपल्या तीस वर्षांच्या नोकरीत नानांनी पहिल्यांदा क्रम न पाहता कागद थेट आबांकडे नेला. पण जागा मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. ती वर्गात बसत होती, तिचा काही दोष नव्हता, तिला उठवणार कसं? आबांनी हळहळ व्यक्त केली आणि हळहळीचं निवेदन मुखपृष्ठावर टाकायला सांगितलं, फोटोसह. मला ज्ञापन मिळालं, 'कार्यालयीन यादीत परस्पर बदल केल्याबद्दल'. समितीच्या फाइलला आबा सगळ्यांत वर असलेली यादी लागली. मशीनमध्ये ते खानावळीच्या खालीच राहिले, आजही आहेत. समितीनं आमच्या दस्तऐवजांचं कौतुक केलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी धुळ्याला गेलो. सलीमभाईंनी सविता आणि तिच्या वडिलांना बोलावून ठेवलं होतं. दुकानात तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स आणि बसायला एक बाकडं. बाप बाकड्याच्या कडेला टेकला होता, मुलगी उभी होती. मी काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, तांत्रिक अडचण वगैरे. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं.

"सर, मग मी कोणतं बटण दाबायला पाहिजे होतं?"

मला कळेना. सलीमभाईंनी हळू सांगितलं, गावात सगळे म्हणताहेत, पोरीला दाबता आलं नाही. धुळ्याला शिकून आली, पण ऐन वेळी चुकीचं दाबलं. बापानंही तेच धरलंय. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू द्यायचा की नाही, हे आता त्याच्यावर आहे. तिला स्वतःलाही तसंच वाटतंय, रोज दुकानात फोन करून तेच विचारते.

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "तू बरोबरच दाबलं होतंस. एकसष्ट वेळा बरोबर दाबलं होतंस."

"हे बाबाला सांगा," ती म्हणाली.

मी बापाकडे वळलो, छापील कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. मी सांगितलं, ही प्रत्येक ओळ म्हणजे तुमच्या मुलीनं एकदा दार वाजवलं. दार मी बंद केलं होतं.

"म्हंजे मनी पोरनी चूक नही शे?"

"नाही."

"बठ्ठं बरोबर करेल व्हतं तिनी?"

"सगळं."

त्यानं कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग विचारलं, "मंग तुम्हीन काबरं करं आसं?"

नानांचा अपमान, पत्रिकेत नसलेलं नाव, प्रयोगशाळा सहायक, यातलं काहीही त्या बाकड्यासमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "आमच्या साहेबांना धडा शिकवायचा होता." त्यानं मान हलवली. समजलं म्हणून की समजण्यासारखं काही नाही म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. कागदाच्या चार घड्या घालून त्यानं तो खिशात ठेवला. मी शरमेनं पाणी पाणी झालो होतो आणि त्यातून बाहेर पडायला एक मोठा शब्द देऊन बसलो. पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी मी स्वतः इथं येऊन बसेन, म्हणालो. या दुकानात, पाच वाजेपर्यंत. जागा पक्की झाल्याशिवाय उठणार नाही.

ते वर्ष मी यादीच्या फाइलला देवाच्या मूर्तीसारखं जपलं. अशा फाइलमध्ये मशीननं वाचायची नाही, फक्त माणसानं वाचायची अशी ओळ लिहिता येते. तिरक्या रेघेच्या वर मी लिहिलं, 'ही ओळ वर नेऊ नये. कुणीही सांगितलं तरी नाही.' माझ्या जागी आता जो आहे त्यानं ती पुसलेली नाही, मी विचारलं होतं.

पुढच्या वर्षी सविताचं नाव पुन्हा यादीत लागलं. शेवटच्या दिवशी मी रजा टाकली, सर्व्हर दोनदा तपासला आणि पहिल्या गाडीनं धुळे गाठलं. साडेनऊला सलीमभाईंच्या दुकानात हजर. ते शटर वर करत होते. मला पाहून थांबले, मग हसले.

"बसा, चहा घ्या," म्हणाले. "पण काम काही नाही साहेब. यादी लागली त्याच दिवशी दहा वाजता बाप-लेक दोघं आले, जागा पक्की करून गेले. एकदाच दाबलं, झालं."

मी म्हणालो, "पण मी आज येणार म्हणून सांगितलं होतं."

"मी बी तेच बोललो तिला. चौधरी साहेब शेवटच्या दिवशी स्वतः येऊन बसणार आहेत, थांब." सलीमभाईंनी माझ्यासाठी स्टूल पुसलं. "ती बोलली, म्हणूनच आज भरते चाचा. त्या दिवशी सरांना परत कुणाला धडा शिकवायचा असला तर?"